कुमुदिनीच्या गाडीचा दम

आमच्या घरात गाडी चालवणारं माणूस एकच, माझी बायको कुमुदिनी. मी शेजारी बसायचो आणि चढ आला की उतरून चाकामागे दगड लावायचो. बदलापुरात मधू टिपणीस म्हणून मला ओळखणारे थोडे होते. 'सिस्टरचे दगडवाले मिस्टर' असं विचारलं की मात्र कोणीही घर दाखवायचं. यात मला कमीपणा कधी वाटला नाही. दगड लावणं हेही कसबाचं काम आहे. लवकर लावला तर गाडी वर जात नाही, उशिरा लावला तर पाय जातो.

कुमुदिनी पूर्वी उल्हासनगरला एका दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती. पुढे बदलापुरात एका डॉक्टरीणबाईंनी छोटं प्रसूतिगृह काढलं, तिथे ती मेट्रन झाली. बारवी धरणाकडच्या वाड्यांत कोणी बाई अडली की तिला निरोप यायचा. त्या रस्त्याचं नाव काढलं की रिक्षावाल्यांचं पेट्रोल संपायचं, आणि बैलगाडीतून येईपर्यंत बाळ अर्ध्या वाटेत उतरायचं. "आपण गाडी घ्यायची," असं ती एका रविवारी जेवताना म्हणाली. तिचं एकदा ठरलं की बाकीच्यांनी मुकाट्याने ताक वाढून घ्यायचं, अशी आमच्याकडे पद्धत होती.

१९८६ साली अंबरनाथच्या आमच्या कारखान्यातून साहेबांची जुनी डिझेल अँबेसडर काढायची ठरली. तिला कोणी विचारत नव्हतं, म्हणून ती आमच्याकडे आली. कुमुदिनी तेव्हा चाळिशी ओलांडलेली. ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई क्लच असा सोडतात, जसं बाळ आजीच्या हातात देतायत. शंभरात एखाद्याचा पाय असा असतो." पाय उत्तम होता. प्रश्न गाडीचा होता.

सपाटीवर गाडी चालायची. चढ दिसला की विचारात पडायची. धरणाच्या बाजूला चाफेवाडी म्हणून एक वाडी खोलगट जागेत आहे. तिथे जाताना उतार, त्यामुळे जाताना आम्ही ऐटीत जायचो. येताना पेशंट घेऊन तोच रस्ता चढायचा. पहिल्या गिअरमध्ये इंजिन घुरघुरायचं, मागून निळसर धूर सुटायचा, निम्म्यावर गाडी थांबायची. मग मी दगड लावायचो. कुमुदिनी इंजिन जरा शांत करायची, पुन्हा रेटायची. असं टप्प्याटप्प्याने आम्ही वर यायचो, जसं काही पालखीला मुक्काम असावेत.

एका फेब्रुवारीत चाफेवाडीहून रखमाचा निरोप आला. रखमाचं हे दुसरं बाळंतपण, कळा सुरू झालेल्या. तिची सासू बनूबाई सोबतीला. चढावर पहिला दगड लागला. दुसरा लागला. तिसऱ्या वेळी मी दगड शोधतोय तोवर मागचं दार उघडलं आणि रखमा खाली उतरली.

"कुठे चाललीस?" कुमुदिनीने विचारलं.

"बाय, मना चालू दे," रखमा म्हणाली. "तुजी गारी दमली."

"अगं, तुला कळा येतायत."

"कळा थांबून थांबून येतान. गारी पन थांबून थांबूनच जाते."

कुमुदिनीने तिच्या पोटावर हात ठेवून पाहिलं, वेळ आहे म्हणाली, आणि तिला सासूच्या खांद्यावर हात टाकून चालू दिलं. ओझं कमी झाल्यामुळे गाडीही निघाली. तरीसुद्धा आम्ही वर पोचलो तेव्हा त्या दोघी ऐनाच्या झाडाखाली बसलेल्या होत्या. बनूबाईने कुमुदिनीकडे मायेने पाहिलं आणि तिच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. "दम घे जरा," म्हणाली.

रखमाला प्रसूतिगृहात सुखरूप मुलगा झाला. कुमुदिनीला आनंद झाला, पण बनूबाईचं ते 'दम घे' तिच्या मनातून जाईना. पुढच्या बाजाराच्या दिवशी बनूबाईने ही हकिकत भाजीच्या प्रत्येक टोपलीपाशी थांबून सांगितली. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त हेडमास्तर शरदचंद्र गुप्ते यांनीही ती ऐकली. जिन्यात भेटून ते म्हणाले, "कुमुदिनीबाई, आपण पेशंटला आणता की पेशंट आपल्याला?"

त्या दिवशी गाडीची ताकद वाढवायचं पक्कं झालं.

पहिल्यांदा आम्ही कोंडाजी गायकर यांच्याकडे गेलो. खरवईच्या फाट्यावर त्यांचं गॅरेज. कोंडाजी मिस्त्री म्हणून नावाजलेले आणि माणूस म्हणून भलते तिरसट. गिऱ्हाइकाला आधी नाही म्हणायचं, मग ऐकून घ्यायचं, असा शिरस्ता. त्यांनी इंजिन चालू ठेवून तेल भरायच्या तोंडावरचं झाकण काढलं. आतून चहाच्या किटलीसारखी वाफ आली.

"फुल इंजिन काम," कोंडाजी म्हणाले. "पिस्टन, रिंगा, बेअरिंगा, सगलं. बोअर लेथवर जाईल, व्हॉल्व्ह बसवायला लागतील. डिझेलचा पंप कल्याणला जाईल."

"किती दिवस?"

"गाडी माज्याकडं इसरून जायची."

"म्हणजे?"

"महिना. दीड महिना. लेथवाल्याच्या घरी लगीन निघालं तर पावसाला."

कुमुदिनीने मनात हिशेब केला. आमच्या भागात लग्नं मेमध्ये होतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्च हा तिचा हंगाम. "बाळं थांबत नाहीत हो," ती म्हणाली.

"मग इंजिन थांबल," कोंडाजी म्हणाले आणि दुसऱ्या गाडीखाली सरकले. त्यांचे पाय तेवढे दिसत राहिले. पायांशी फार वेळ बोलता येत नाही.

तेव्हा कोणीतरी उल्हासनगरच्या होतचंदचं नाव सुचवलं. होतचंदला सगळे होतूभाई म्हणायचे. त्याचं दुकान जुन्या सुट्या भागांचं, पण जीव इंजिनात. माणूस गोरा, घामेजलेला, बोलताना समोरच्याचा हात धरून ठेवणारा. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि कुमुदिनीसाठी खुर्ची पुसली.

"दीदी, इंजन खोलने का जमाना गया," तो म्हणाला. "जुना आदमी बोलेगा खोलो, खोलो. अरे, ताकद बाहेरून लावायची. मेरे पास टर्बो है. जपानी. डॉकसे आया हुआ."

"तो काय करतो?"

"इंजन हवा खाता है ना? अभी वो नाकसे खाता है. टर्बो उसको पंप मारके हवा खिलाएगा. जास्त हवा, जास्त डिझेल, जास्त ताकद. चार दिन में गाडी देतो. और तब तक मेरी जीप ले जाव. डिलिव्हरी का काम रुकना नहीं चाहिए."

त्याने खरोखरच जीपची किल्ली तिच्या हातात ठेवली. फसवणारा माणूस असं करत नाही. होतूभाई कोणाला फसवत नव्हता. त्याचा स्वतःच्या म्हणण्यावर मनापासून विश्वास होता, आणि तो विश्वास सांसर्गिक होता. मी हळूच म्हटलं, "कोंडाजी म्हणतात आधी आतलं काम..." कुमुदिनीने माझ्याकडे वळून पाहिलं नाही. ती टर्बोकडे पाहत होती. शंखाच्या आकाराची ती लोखंडी वस्तू होती, आणि होतूभाईने तिला देव्हाऱ्यातल्यासारखं फडक्यावर ठेवलं होतं.

चार दिवसांनी गाडी आली. होतूभाईने टर्बो बसवला होता, पंपाचा स्क्रू पिळून डिझेल वाढवलं होतं, आणि हवेची जुनी गाळणी काढून तिच्या जागी एक रुंद तोंडाचा पाइप पुढे काढला होता. अॅक्सिलरेटर दाबला की शीळ वाजायची.

पुढचे काही आठवडे कुमुदिनीचे फार सुखाचे गेले. धरणाच्या रस्त्यावर एसटीला मागे टाकलं तेव्हा एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून वाकून आमच्याकडे पाहत होता. एक दुधाचा टेम्पो आम्हाला वर्षानुवर्षं हॉर्न मारून पुढे जायचा. कुमुदिनीने त्याला पुलाच्या अलीकडे गाठलं आणि पुलाच्या पलीकडे सोडलं. मग ती बाजारहाट अंबरनाथला करू लागली. बदलापुरात मिळते तीच मेथी. मी विचारलं तर म्हणाली, "तिथली कोवळी असते." चाफेवाडीचा चढ गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढली. मी सवयीने दगड हातात घेऊन बसलो होतो, तो तसाच घरी आला.

धूर मात्र वाढला. पूर्वीचा निळसर होता, आता काळा. गाडी आमच्या गल्लीतून निघाली की बायका दोरीवरचे कपडे काढायला धावायच्या. गुप्ते मास्तरांची धोतरं पांढरीशुभ्र असायची. त्यांनी एकदा वाळलेलं धोतर माझ्यापुढे धरलं आणि शांतपणे विचारलं, "मधुकरराव, याला आता तुम्ही कोणता रंग म्हणाल?" मी राखाडी म्हटलं. ते म्हणाले, "मीही तेच म्हणत होतो. घरातले काळा म्हणतात."

शिवाय गाडी तेल पिऊ लागली. इंजिनात तेल ओतायचं, दोन खेपा झाल्या की पुन्हा ओतायचं. दुधासारखा तेलाचा रतीब सुरू झाला. मी हे बोललो. कुमुदिनी म्हणाली, "काम करणाऱ्याला भूक लागते."

रखमाच्या मुलाचं बारसं जरा लांबलं होतं. त्याचं आमंत्रण आलं. खरं तर बारसं हे निमित्त. ज्या चढावर अपमान झाला तो चढ त्याच माणसांना घेऊन चढायचा, हा तिचा बेत तिने नेसलेल्या नव्या साडीवरूनच मला कळला. जेवणं झाली, पाळणा झाला. बनूबाईला बदलापुरात लेकीकडे जायचं होतं, लेकीला द्यायला नवा पोळपाट घेतला होता. "चला, मी सोडते," कुमुदिनी म्हणाली. "अजून कोणाला यायचंय?" बनूबाई आणि आणखी चौघी मागे बसल्या, मांडीवर मांडी.

गाडी चढावर अशी सुटली की मागच्या बायका गप्प झाल्या. वर ऐनाचं झाड आलं. कुमुदिनीने आरशातून बनूबाईकडे पाहिलं आणि काही बोलण्याआधी अॅक्सिलरेटरवरून पाय काढला.

इंजिनाचा आवाज कमी झाला नाही. उलट वाढला.

तिने क्लच दाबला, ब्रेक दाबला, गाडी थांबवली. इंजिन थांबेना. ते चढ्या आवाजात ओरडू लागलं. इंजिन बंद करायची दांडी तिने ओढली, ती तारेसकट हातात आली. मागे काळा धूर पसरला आणि ऐनाचं झाड दिसेनासं झालं. बायका एकेक करून उतरल्या, अगदी रांगेने, जसं काही हे रोजचंच आहे. मी चाकामागे दगड लावला. त्याचा काही उपयोग नव्हता, पण मला तेवढंच येत होतं.

"अहो, डिझेलची नळी काढा," कुमुदिनी म्हणाली.

मी बॉनेट उघडून जी नळी हाताला आली ती उपटली. डिझेल रस्त्यावर सांडलं. इंजिन त्याच जोरात पळत राहिलं. डिझेलशिवाय इंजिन पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मागे सरलो. ते कशावर पळत होतं हे नंतर कळलं. ते स्वतःच्याच पोटातलं तेल पीत होतं.

"लागिरलंय," बनूबाई म्हणाली. "नारळ आना कोनतरी."

कुमुदिनी पुढे येऊन इंजिनाकडे पाहत उभी राहिली. बाळंतिणीकडे पाहावं तसं पाहत होती. त्या रुंद तोंडाच्या पाइपापुढे तिने हात धरला आणि लगेच मागे घेतला. पाइप हवा ओढत होता.

"श्वास घेतेय ना?" ती म्हणाली. "नाक दाबू या."

तिने पिशवीतून बाळंतपणात अंथरतात ते रबरी कापड काढलं, चौपदरी घडी केली. बनूबाईच्या हातातला पोळपाट विचारल्याशिवाय घेतला. पाइपाच्या तोंडावर रबर, रबरावर पोळपाट, आणि पोळपाटावर दोन्ही हातांनी भार देऊन ती ओणवी झाली. मीही हात लावला. इंजिन धडधडलं, गचके देऊ लागलं, सगळी गाडी शहारली आणि बंद पडली.

इतकी शांतता झाली की खाली वाडीतलं बाळ रडताना ऐकू आलं.

"मेली?" बनूबाईने विचारलं.

"नाही," कुमुदिनी साडीवरची काजळी झटकत म्हणाली. "पण वाचवायला खूप करावं लागेल."

बनूबाईच्या नवऱ्याने, आण्णाने, बैल आणले. बारशाला जमलेली सगळी वाडी वर आली होती, त्यामुळे गाडी बैलांमागून खरवईला गेली ती मिरवणुकीनेच. वाटेत दुधाचा टेम्पो भेटला. त्याने हॉर्न दिला नाही. कुमुदिनीला ते जास्त लागलं.

कोंडाजींनी इंजिन खोललं. होतूभाईही उल्हासनगरहून धावत आला. उघड्या इंजिनाच्या एका बाजूला कोंडाजी आणि दुसऱ्या बाजूला होतूभाई, आणि मध्ये वितळून कडा झिजलेला एक पिस्टन. दोघांचं भांडण दुपारभर चाललं. कोंडाजींचं म्हणणं, टर्बोने इंजिन खाल्लं. होतूभाईचं म्हणणं, इंजिनाने टर्बोचं नाव खराब केलं.

कुमुदिनी स्टुलावर बसून दोघांचं ऐकत होती. मग तिने एक जुनी रिंग हातात घेतली, नवी रिंग शेजारी धरली. जुनी कागदासारखी पातळ झाली होती. "होतूभाई," ती म्हणाली, "एखादी बाई अंगात रक्त नसलेली आली, तर मी तिला कळा वाढवायचं इंजेक्शन देत नाही. आधी रक्त भरते. आपण उलटं केलं."

होतूभाईने मान खाली घातली. "दीदी, टर्बो का सील भी पुराना था," तो म्हणाला. "तेल त्यातूनच आत गेलं. मी बघायला पाहिजे होतं." आणि पुन्हा जीपची किल्ली तिच्या हातात ठेवली.

कोंडाजी या कबुलीने फार फुलले. पुढे दीड महिना येणाऱ्याजाणाऱ्याला ती ऐकवत त्यांनी इंजिन बांधलं. टर्बो काढून टाकला, बोअर लेथवर जाऊन आला, नवे पिस्टन बसले, व्हॉल्व्ह घासून झाले. अखेर सगळं जोडून, हार घालून, नारळ फोडून त्यांनी स्टार्टर मारला. इंजिन चालू झालं नाही. दुसऱ्या दिवशीही झालं नाही. कोंडाजी बॅटरीला बोल लावत होते. मग डिझेलला. मग हवामानाला. तिसऱ्या दिवशी जीप न्यायला आलेला होतूभाई लांब उभा राहून स्टार्टरचा आवाज ऐकत होता. तो हळूच म्हणाला, "मिस्त्री, पंप का टायमिंग एक दात आगे-पीछे तो नहीं?"

कोंडाजींनी हातातला पान्हा खाली ठेवला. "चहा सांगा दोन," एवढंच म्हणाले, आणि होतूभाई चहा पीत असताना पंपाच्या चाकाचा दात बरोबर लावून घेतला. इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. त्यानंतर ते दोघे एकमेकांकडे जुनं सामान घेऊन जात-येत राहिले. एकमेकांना शिव्या देत, पण नियमाने.

आता गंमत पुढे. इंजिनाचे नवे भाग एकमेकांत रुळेपर्यंत गाडी जोरात चालवायची नाही, असा कोंडाजींचा दंडक. मागच्या काचेवर त्यांनी स्वतः रंगाने लिहिलं, 'इंजिन नवे आहे, हळू'. अंगात ताकद आहे आणि ती वापरायची नाही, हे व्रत कुमुदिनीला उपासापेक्षा जड गेलं. सायकलवालेसुद्धा पुढे जायचे. ती दात आवळून सरळ समोर पाहायची.

व्रत संपलं त्या आठवड्यात आम्ही चाफेवाडीला गेलो. येताना गाडीत पेशंट, तिची आई आणि दोन मावश्या. चढ लागला. कुमुदिनीने दुसरा गिअर टाकला. गाडी ना ओरडली ना शिटी वाजली. मागे धूर नव्हता. एका लयीत, बैल नांगर ओढतो तशी ती चढत राहिली आणि वर आली.

"झालं?" कुमुदिनी म्हणाली. तिचा आवाज जरा पडलेला होता.

"झालं की. चढलो."

"नुसतंच?"

"साहेबांच्या वेळी नवी होती तेव्हा अशीच चालायची," मी म्हटलं. "आपल्याकडे आली तेव्हाच तिच्यातलं निम्मं संपलं होतं. आपल्याला ती धडधाकट कधी ठाऊकच नव्हती."

तिने यावर विचार केला. सपाटीला लागल्यावर म्हणाली, "म्हणजे आता तिच्यात दम आहे. आता टर्बो सोसेल."

पुढे तिने खरंच होतूभाईला विचारलं. होतूभाईने कानाला हात लावला आणि कोंडाजींकडे बोट दाखवलं. कोंडाजी नाही म्हणाले. पण त्यांनी जाता जाता पंपाचा स्क्रू अर्धा आटा फिरवला. "येवडं चाललं," म्हणाले. "कुनाला सांगू नका." त्या अर्ध्या आट्यावर कुमुदिनीने दुधाच्या टेम्पोला अधूनमधून गाठलं. नेहमी नाही. त्याच्याकडेही आता नवं इंजिन होतं.

गाडी त्यानंतर १९९७ पर्यंत चालली. तेवढ्या काळात तिच्यातून किती बाया आल्या याची मोजदाद कुमुदिनीने ठेवली नाही. दोन बाळं गाडीतच झाली, दोन्ही सपाटीवर. पुढे वाडीपर्यंत डांबर आलं, वाडीत एकाने जीप घेतली, आणि अँबेसडरचा पत्रा गंजून दारं दोरीने बांधायची वेळ आली. सोनिवलीच्या एका शेतकऱ्याने ती घेतली. पत्रा भंगारात दिला आणि इंजिन काढून विहिरीवर बसवलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याने आम्हाला काकड्या न्यायला बोलावलं. विहिरीच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली, इंजिन एका लयीत चाललं होतं आणि पाटातून पाणी काकडीच्या वाफ्यांकडे जात होतं. कुमुदिनी बराच वेळ ऐकत उभी राहिली. मला वाटलं, तिला भरून आलं असेल.

"तिसऱ्या सिलिंडरचा नोझल साफ करायला हवा," ती त्या शेतकऱ्याला म्हणाली. "आणि इंजिनावरचं हे पट्ट्याचं चाक लहान आहे. मोठं लावलंत तर पाणी दुप्पट येईल."

शेतकऱ्याने तिच्याकडे आदराने पाहिलं. मी काकड्यांची पिशवी उचलली आणि त्याला बाजूला घेऊन म्हटलं, नोझल जरूर साफ करा, चाक आहे तेच राहू द्या.